पैसा लॉटरीचा, खुर्च्या ओळखीच्या

गेल्या अंकात ब्रिटनमधल्या सामाजिक उद्योजकांना, म्हणजे समाजाच्या एखाद्या गरजेसाठी उद्योग काढणाऱ्यांना, पैसा पुरवणाऱ्या धर्मादाय संस्थांवर मी लिहिलं होतं. त्यांच्यामागे कोणते पक्ष आणि कोणत्या कंपन्या उभ्या आहेत, हे त्यात ओझरतंच आलं, आणि नेमकी त्यावरच पत्रं आली. निवृत्त होईपर्यंत लंडनमध्ये धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासणं हेच माझं काम होतं. त्यामुळे उत्तरं देताना हिशेबनिसाची खोड दिसणारच, सांभाळून घ्या.

ताई, माझी मुलगी बर्मिंगहॅमला असते. जुन्या व्हीलचेअर दुरुस्त करून गरजूंना देण्याचा तिचा लहानसा उद्योग आहे. त्यासाठी सामाजिक उद्योजकांना अनुदान देणाऱ्या ‘अनलिमिटेड’ या संस्थेकडे अर्ज करायचा तिचा विचार आहे. तिचा मित्र म्हणतो, ही संस्था म्हणजे सरकारचं आणि बँकांचं पिल्लू आहे, यात पडू नकोस. खरंच मागे कोण आहे? – एक वाचक, नाशिक

त्या मित्राला आधी विचारा, कोणतं सरकार? कारण गोष्ट एका सरकारची नाही.

ब्रिटनची नॅशनल लॉटरी नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली, तेव्हा हुजूर पक्षाचे जॉन मेजर पंतप्रधान होते. तिकिटाच्या पैशातला ठरावीक वाटा लोकोपयोगी कामांना जायचा आणि त्यातला एक हिस्सा मिलेनियम कमिशनकडे. सहस्रक बदलताना देशभर काहीतरी उभं करायचं, म्हणून १९९३ च्या कायद्यानं हे कमिशन नेमलं होतं. लंडनजवळ ग्रिनिचला प्रदर्शनासाठी उभारलेला तो बदनाम मिलेनियम डोम याच पैशातला. मजूर पक्ष सत्तेवर आल्यानंतर कमिशनचं अध्यक्षपद संस्कृतिमंत्र्यांकडे होतं. याच कमिशननं १० कोटी पौंडांचा कॉर्पस निधी, म्हणजे मूळ रक्कम राखून तिच्या उत्पन्नावर काम चालवायचा निधी, एकदाच, एकरकमी बाजूला काढला आणि त्याचा सांभाळ अनलिमिटेडकडे सोपवला. डोमवर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले, या १० कोटींबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

अनलिमिटेड स्थापन करायला सात संस्था एकत्र आल्या होत्या. त्यांत अशोका होती, कॉमिक रिलीफ होती, स्कूल फॉर सोशल आंत्रप्रनर्स होती, कम्युनिटी ॲक्शन नेटवर्क होती. यांतली प्रत्येक संस्था कोणाच्या ना कोणाच्या ओळखीवर उभी राहिलेली. अशोकाचे संस्थापक बिल ड्रेटन हे कंपन्यांना सल्ला देणाऱ्या मॅकिन्झीत सल्लागार होते आणि अध्यक्ष कार्टर यांच्या काळात अमेरिकेच्या पर्यावरण खात्यात वरिष्ठ पदावर. तेव्हा ‘मागे राजकारणी आणि कंपन्या आहेत का’ याचं उत्तर, होते आणि आहेत. लपूनछपून काही नाही, सगळं कागदावर आहे.

आता महत्त्वाचं. कॉर्पस मिळालेल्या संस्थेला पुढच्या वर्षीच्या चेकसाठी मंत्र्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. दर मार्चमध्ये अनुदानाच्या नूतनीकरणासाठी घामाघूम होणारे संचालक मी पाहिले आहेत. त्यांच्या वार्षिक अहवालात मंत्र्याचा फोटो दुसऱ्याच पानावर असायचा. एकदाच पैसा देऊन बाजूला झालेला राजकारणी त्या मानानं पुष्कळ परवडला.

पण अशा संस्था केवळ कॉर्पसच्या उत्पन्नावर चालत नाहीत. बँका, विमा कंपन्या, दुसरी फाउंडेशनं, पुन्हा लॉटरी, यांच्या पैशावर वेगवेगळ्या योजना चालतात. तो पैसा बांधलेला असतो, म्हणजे ज्या कामाला दिला त्याच कामाला वापरायचा. तुमच्या मुलीनं एवढंच विचारावं, की माझं अनुदान कोणत्या पिशवीतून येणार? योजना एखाद्या कंपनीच्या नावाची असेल तर लेखी विचारावं, की व्हीलचेअरवर बसलेल्या माणसांचे फोटो ती कंपनी जाहिरातीत वापरू शकते का, माझी गोष्ट कोणाच्या मालकीची, हे अनुदान आहे की पुढे कर्ज किंवा भागभांडवल होणार आहे. उत्तरं नीट आली तर खुशाल अर्ज करावा. मित्राचा संशय रास्त आहे, पण संशयावर व्हीलचेअर दुरुस्त होत नाहीत.

सामाजिक उद्योजक ही कल्पना डाव्यांची की उजव्यांची? आमच्या कॉलेजात यावरून वाद झाला. – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

वादात दोन्ही बाजू जिंकल्या असतील, कारण दोघींनाही पुरावा सापडतो.

मायकेल यंग हे नाव आधी घ्यावं लागतं. १९४५ मध्ये मजूर पक्ष ज्या जाहीरनाम्यावर निवडून आला, तो लिहिण्यात त्यांचा मोठा हात होता. पुढे ग्राहक संघटना काढली, ओपन युनिव्हर्सिटीची कल्पना पुढे रेटली, लॉर्ड्‌स सभागृहात गेले. १९९७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे असताना, त्यांनी पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये स्कूल फॉर सोशल आंत्रप्रनर्स सुरू केलं. त्याच वर्षी डेमॉस या विचारगटानं सामाजिक उद्योजकतेवर पुस्तिका काढली आणि त्याच वर्षी टोनी ब्लेअर पंतप्रधान झाले. डेमॉसच्या संस्थापकांपैकी जेफ मल्गन हे पुढे पंतप्रधानांच्या कार्यालयात गेले, तिथून यंग यांचं नाव असलेल्या यंग फाउंडेशनचे प्रमुख झाले आणि २०११ मध्ये नेस्टाचे. नेस्टा म्हणजे १९९८ मध्ये लॉटरीतून मिळालेल्या कॉर्पसवर उभी राहिलेली, नव्या कल्पनांना पैसा देणारी संस्था. तिचे एक अध्यक्ष सर क्रिस पॉवेल हे जाहिरात क्षेत्रातले. त्यांचे भाऊ जोनाथन पॉवेल ब्लेअर यांचे चीफ ऑफ स्टाफ. क्रिस पॉवेल यांच्यानंतरचे नेस्टाचे अध्यक्ष सर जॉन चिझम संरक्षणसामग्रीच्या किनेटिक कंपनीतून आलेले. तुमच्या वादात किनेटिकला कोणत्या बाजूला बसवाल?

दुसरं नाव सर रोनाल्ड कोहेन. इजिप्तमधून निर्वासित होऊन लहानपणी आलेले, ॲपॅक्स या खासगी भांडवल पुरवणाऱ्या कंपनीचे संस्थापक. १९७४ मध्ये लिबरल पक्षाकडून निवडणूक लढले, पुढे मजूर पक्षाचे देणगीदार झाले. २००० मध्ये गॉर्डन ब्राउन यांच्या अर्थखात्याच्या आशीर्वादानं सामाजिक गुंतवणुकीवर कृतिगट नेमला गेला, त्याचे अध्यक्ष कोहेन. मग बँकांमध्ये पडून राहिलेल्या बेवारस पैशाचं काय करायचं, यावर आयोग, त्याचेही अध्यक्ष कोहेन. २००८ मध्ये ब्राउन पंतप्रधान असताना त्याचा कायदा झाला. आणि २०१२ मध्ये हा पैसा घेऊन सामाजिक कामांत गुंतवणूक करणारी ‘बिग सोसायटी कॅपिटल’ उभी राहिली, तेव्हा पंतप्रधान होते हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमरॉन, आणि पहिले अध्यक्ष? कोहेनच. मुख्य अधिकारी जेपी मॉर्गन या बँकेतून आलेले. २०१६ मध्ये त्या जागी क्लिफ प्रायर आले. ते कुठून आले, तर अनलिमिटेडच्या प्रमुखपदावरून.

संगीत खुर्चीत निदान दर फेरीला एक खुर्ची कमी होते, इथे दर सरकारागणिक एक वाढते.

यांतल्या कोणावरही मी गैरव्यवहाराचा आरोप करत नाही, तसा आधारही नाही. बरेचसे हुशार आहेत आणि मनापासून काम करणारे आहेत. मला खटकतं ते वेगळंच. एखादी योजना एकाच पक्षाची असती, तर दुसऱ्या पक्षानं संसदेत तिची चिरफाड केली असती. इथे दोन्ही पक्षांची माणसं त्याच टेबलाभोवती बसलेली, त्यामुळे प्रश्न विचारण्यात कोणाचाच फायदा नव्हता. नगरपालिकांची युवाकेंद्रं बंद होत असताना त्याच वस्त्यांतल्या तरुणांना ‘उद्योजक व्हा’ म्हणून सांगणं कितपत योग्य, हा प्रश्न २०१० नंतर मोठ्यानं विचारला जायला हवा होता. तो विचारला तो बहुतेक रस्त्यावरच्या कार्यकर्त्यांनी, आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांना कोणी समितीवर घेतलं.

तेव्हा कॉलेजात सांगा, डावी-उजवी सोडा, ही कल्पना वरच्या मजल्यावरची आहे.

बिग सोसायटी कॅपिटलमध्ये बड्या बँकांचा पैसा आहे असं वाचलं. मग ती बँकांच्याच तालावर नाचणार ना? – एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

तुमच्या पेशाला साजेसा प्रश्न आहे, म्हणून आकड्यांतच उत्तर देते.

सुरुवातीचं भांडवल ६० कोटी पौंडांपर्यंत ठरलं होतं. त्यातले ४० कोटी हे १५ वर्षं हात न लागलेल्या खात्यांमधले, म्हणजे मेलेल्या, परगावी गेलेल्या किंवा विसरलेल्या खातेदारांचे. (खातेदार किंवा वारस उद्या उगवला तर त्याला पैसे परत मिळतात, तो हक्क संपत नाही.) उरलेले २० कोटी बार्कलेज, एचएसबीसी, लॉइड्‌स आणि आरबीएस या चार बँकांनी प्रत्येकी ५ कोटी घातले. २०११ च्या फेब्रुवारीत सरकारनं या बँकांशी केलेल्या ‘प्रोजेक्ट मर्लिन’ या समझोत्याचा तो भाग होता. आर्थिक संकटानंतर बँकांच्या बोनसवर लोक संतापलेले होते, त्या वातावरणातला समझोता.

मतांच्या बाबतीत मात्र संस्थेची घटना नीट बांधली आहे. प्रत्येक बँकेला ५ टक्क्यांपलीकडे मत नाही, चौघींची मिळून २० टक्के. बाकीची ८० टक्के मतं एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे. तेव्हा बँका ठराव करून काही लादू शकत नाहीत.

मला आक्षेप आहे तो श्रेयाच्या वाटपाला. बँकांचे ते २० कोटी दान नव्हते, ती गुंतवणूक होती. ४० कोटी तर त्यांचे नव्हतेच. तरी त्या काळच्या भाषणांमध्ये बँकांचे आभार ऐकू यायचे, आणि विसरलेल्या खातेदारांचे आभार मानायला कोणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही. दुसरं असं, की ही संस्था गुंतवणूक करते, अनुदान देत नाही. तिचा पैसा मधल्या फंडांमार्फत कर्ज म्हणून खाली येतो आणि कर्ज परत करावं लागतं. बेघरांसाठी सूप वाटणाऱ्या संस्थेनं व्याज कुठून भरायचं? या प्रश्नावर या क्षेत्रात बरीच वर्षं चरफड चालली, आणि ती रास्त होती. २०२४ मध्ये नाव बदलून ‘बेटर सोसायटी कॅपिटल’ केलं गेलं. लोकांनीच पुढे होऊन समाजाची कामं करावीत, ही कॅमरॉन यांची ‘बिग सोसायटी’ची घोषणा केव्हाच विरली होती, तिचं ओझं नावात वागवण्यात अर्थ नव्हता.

अशा संस्थांच्या विश्वस्तांना मानधन किती मिळतं? – एक वाचक, सोलापूर

साधारणपणे शून्य, प्रवासखर्च सोडून. पगार द्यायचा तर संस्थेच्या घटनेत तशी तरतूद लागते किंवा धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनची परवानगी. खऱ्या अर्थानं मिळते ती ओळख आणि कोणाबरोबर जेवलो ते. त्याचा हिशेब लागत नाही. पगारी अधिकाऱ्यांचं मात्र छापावं लागतं, की ६० हजार पौंडांच्या वर कितीजण, ते दहा-दहा हजारांच्या टप्प्यांनी.

तुमच्या लेखाचा सूर फार मवाळ वाटला. तुम्ही या वर्तुळात वावरल्यामुळे असेल. किड्‌स कंपनीचं काय झालं, बिग सोसायटी नेटवर्कचं काय झालं, हे का लिहिलं नाही? – एक वाचक, लीड्‌स

लिहिलं नाही, कारण या दोन्ही संस्था सामाजिक उद्योजकांना अनुदान देणाऱ्या नव्हत्या. पण तुमचा रोख कळला, आणि दोन्ही प्रकरणं ‘ओळख’ म्हणजे काय हे फार छान दाखवतात, तेव्हा आता लिहिते.

किड्‌स कंपनी ही हलाखीतल्या मुलांसाठी १९९६ मध्ये लंडनला सुरू झालेली संस्था. तिच्या संस्थापक कमिला बॅटमनगेलिज या मोठ्या प्रभावी व्यक्ती. मजूर पक्षाचे मंत्री असोत की हुजूर पक्षाचे, त्यांच्या संस्थेला सरकारी पैसा मिळत राहिला. विश्वस्तांचे अध्यक्ष बीबीसीतले ॲलन येन्टॉब. २०१५ च्या उन्हाळ्यात संस्था डबघाईला आली होती. आणखी ३० लाख पौंड द्यावेत का, यावर कॅबिनेट ऑफिस या सरकारच्या मध्यवर्ती खात्याच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्यानं लेखी सांगितलं, की हा पैसा सत्कारणी लागेल याची खात्री मी देऊ शकत नाही. मंत्र्यांना तरी द्यायचा असेल तर त्यांनी तसा लेखी आदेश द्यावा. ऑलिव्हर लेटविन आणि मॅट हॅनकॉक या दोन मंत्र्यांनी तो दिला. जुलैअखेर पैसे गेले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संस्थेला कुलूप लागलं. त्याच वर्षी नॅशनल ऑडिट ऑफिसनं, म्हणजे तिथल्या कॅगनं, काढलेला आकडा होता किमान ४ कोटी ६० लाख पौंड सार्वजनिक पैसा, सगळी वर्षं धरून.

आता दुसरी बाजूही वाचा, कारण ती कोणी वाचत नाही. संचालकांना अपात्र ठरवण्यासाठी बंद पडलेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं भरलेला दावा उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये फेटाळला. पुढच्या वर्षी चॅरिटी कमिशननं मात्र कारभारात ढिलाई झाली असं नोंदवलं. म्हणजे चोरी नव्हती, भिस्त होती. एका व्यक्तीच्या ओजावर सगळ्यांनी भिस्त ठेवली आणि हिशेबनिसाचं म्हणणं कोणाला ऐकायचं नव्हतं. तो लेखी आदेश या प्रकरणातला माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा कागद. ओळखीच्या जोरावर निर्णय झाला की नियमाच्या, हे एरवी सिद्ध करता येत नाही. इथे नियमानंच मंत्र्याला सही करायला लावली.

बिग सोसायटी नेटवर्कचा आवाका लहान होता. कॅमरॉन यांच्या ‘बिग सोसायटी’च्या घोषणेबरोबर २०१० मध्ये ती संस्था पुढे आली. लॉटरी, नेस्टा आणि कॅबिनेट ऑफिस या तिन्हींकडून तिला आणि तिच्या जोडसंस्थेला मिळून लाखो पौंड मिळाले. मुलांना खेळाकडे वळवण्याच्या एका योजनेला कॅबिनेट ऑफिसनं सुमारे ३ लाख पौंड मंजूर केले होते, ती योजना पूर्णत्वाला गेली नाही. जुलै २०१४ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसचा चौकशी अहवाल आला आणि त्याच वर्षी नेटवर्क गुंडाळलं गेलं.

किड्‌स कंपनीच्या मानानं रक्कम क्षुल्लक. पण मला हे प्रकरण जास्त गंभीर वाटतं. किड्‌स कंपनीत निदान भुकेली मुलं जेवत होती. नेटवर्ककडे पैसे आले तेव्हा दाखवायला पूर्वीचं काम नव्हतं, सत्तेच्या जवळ असणं हेच होतं. एखादी गाव पातळीवरची संस्था त्याच निधीसाठी अर्ज करते तेव्हा तिच्याकडे तीन वर्षांचे ताळेबंद मागतात.

आणि हो, ‘वर्तुळात वावरल्यामुळे’ म्हणालात. हिशेब तपासायला येणाऱ्या बाईला वर्तुळात कोणी बसवत नाही. तिला खालच्या मजल्यावरची खोली आणि थंड चहा मिळतो.

या गोष्टी आपण स्वतः घरबसल्या तपासू शकतो का? कुठे पाहायचं? – एक वाचक, हॅरो

पाहू शकता, फुकट, एका संध्याकाळी. मी कसं पाहते ते सांगते.

पहिल्यांदा चॅरिटी कमिशनची नोंदवही उघडायची. ती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची वेगळी असते. संस्थेच्या नावावर गेलात की विश्वस्तांची यादी मिळते आणि तेच विश्वस्त आणखी कोणत्या संस्थांवर आहेत तेही. सरकारकडून अनुदान किंवा कंत्राट आलंय का, हे वेगळं दिलेलं असतं. मग गेल्या काही वर्षांचे अहवाल उतरवून घ्या.

अहवाल शेवटाकडून वाचायचा. पुढची पानं हसऱ्या चेहऱ्यांची, मागच्या पानांवर टीपा. त्यांत ‘संबंधित पक्ष’ अशा अर्थाची टीप शोधा. विश्वस्ताच्या कंपनीशी, जोडीदाराशी, किंवा तो ज्या दुसऱ्या संस्थेवर आहे तिच्याशी पैशाचा व्यवहार झाला असेल तर तिथे लिहावा लागतो. ‘असा कोणताही व्यवहार नाही’ ही ओळ सर्वांत जास्त आढळते. तिथे थांबू नका. बांधलेल्या निधीच्या टीपेत देणगीदारांची नावं बहुधा असतात, ती एका कागदावर लिहून घ्या. अनुदान मिळालेल्यांची यादी असेल तर तीही. दोन्ही याद्या शेजारी ठेवून नुसतं पाहत बसा. माझ्या अनुभवात जे सापडतं ते इथेच.

कॉर्पस असेल तर गुंतवणुकीचं धोरण वाचा. ही एक कंपन्यांशी असलेली जवळीक कोणाच्या लक्षातच येत नाही. हवामानासाठी काम करणारी संस्था तेल कंपन्यांचे शेअर बाळगून असू शकते. २०२२ मध्ये सेन्सबरी कुटुंबाच्या दोन धर्मादाय न्यासांच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं सांगितलं, की उद्देशाशी विसंगत गुंतवणूक विश्वस्त टाळू शकतात, त्यामुळे उत्पन्नाला थोडी झळ बसली तरी, विचारपूर्वक केलं असलं म्हणजे झालं. तेव्हा ‘कायदा परवानगी देत नाही’ ही सबब आता चालत नाही.

मग कंपनीज हाउस, म्हणजे कंपन्यांची सरकारी नोंदवही. विश्वस्ताचं नाव टाकलं की तो ज्या कंपन्यांवर संचालक आहे किंवा होता त्या सगळ्या दिसतात. २०१५ पासून यासाठी पैसे पडत नाहीत. जन्माचा महिना आणि वर्ष दिलेलं असतं, ते जुळवा. एकाच नावाची दहा माणसं असतात, आणि नावावरून बोट दाखवणाऱ्यांनी निरपराध माणसांना उगाच त्रास दिलेला मला माहीत आहे.

त्यानंतर इलेक्टोरल कमिशनची, म्हणजे तिथल्या निवडणूक आयोगाची, देणग्यांची यादी, २००१ पासूनची. पक्षाला ठरावीक रकमेच्या वर दिलेली देणगी तिथे येते. ही मर्यादा पूर्वी ७,५०० पौंड होती, २०२४ पासून ११,१८० आहे. त्याखालचं काही दिसणार नाही. विश्वस्त लॉर्ड किंवा खासदार असेल तर त्या-त्या सभागृहाची हितसंबंधांची नोंदवही आहे. मंत्री कोणाला भेटले, त्याच्या याद्या सरकार प्रसिद्ध करतं, जरी त्यांत विषयाच्या रकान्यात ‘सामाजिक क्षेत्रावर चर्चा’ यापलीकडे काही नसतं.

एवढं जमवलंत की एक जाळं दिसेल, आणि पहिल्या रात्री तुम्हाला वाटेल की मोठं कारस्थान हाती लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा. चार माणसं एका संस्थेवर असणं यात काही नाही. देणाऱ्याच्या बाजूचा माणूस घेणाऱ्याच्याही बाजूला आहे का, निर्णयाच्या वेळी तो खोलीत होता का, आणि तसं इतिवृत्तात लिहिलंय का, एवढ्यावर बोट ठेवा. इतिवृत्त मागायचा हक्क तुम्हाला नाही, पण पत्र लिहून विचारायला कोणी अडवत नाही. चांगल्या संस्था उत्तर देतात. उत्तर न देणाऱ्यांचं नाव मी एका वहीत लिहून ठेवायची.

आमची इंग्लंडमध्ये छोटी नोंदणीकृत संस्था आहे. नवीन आलेल्या महिलांना लहान व्यवसाय सुरू करायला आम्ही थोडी मदत देतो. स्थानिक खासदारांना आश्रयदाते व्हायचंय, आणि एक कंपनी चांगली देणगी देते म्हणते, पण तिचा एक माणूस विश्वस्त मंडळात हवा म्हणते. काय करावं? – एक विश्वस्त, मिल्टन कीन्स

खासदार आश्रयदाते होऊ शकतात, कायद्याची आडकाठी नाही. धर्मादाय संस्थेला पक्षाचा प्रचार करता येत नाही, किंवा एखाद्या उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. सुरुवातीलाच पत्रात लिहून द्या, की निवडणूक जाहीर झाली की मतदान होईपर्यंत तुमचं नाव आमच्या पत्रकांवर आणि कार्यक्रमांत राहणार नाही. खरा माणूस हसून हो म्हणेल. जमलं तर दुसऱ्या पक्षाच्या नगरसेवकालाही वार्षिक कार्यक्रमाला बोलवा.

कंपनीचं प्रकरण नाजूक आहे. घटना आधी वाचा, विश्वस्त नेमण्याचा हक्क बाहेरच्याला देता येतो का ते तीत असेल. देता येत असला, तरी तो माणूस मंडळात बसला की कायद्यानं फक्त तुमच्या संस्थेचं हित पाहायला बांधलेला आहे, कंपनीचं नाही. हे त्याला देणगी घेण्याआधी सांगा, आणि त्याच्या साहेबालाही. कंपनीशी संबंधित काही विषय आला, की त्यानं आपला संबंध सांगायचा, बाहेर जायचं, आणि तो बाहेर गेला हे इतिवृत्तात लिहायचं. या तीन गोष्टींना तो नाखूश दिसला तर देणगी घेऊन त्याला सल्लागार समितीवर घ्या, मत न देता. त्यालाही कंपनी नाही म्हणाली, तर तिला मंडळातली जागाच विकत हवी होती. मग देणगी नाकारा आणि का नाकारली याची दोन ओळींची नोंद ठेवा, पुढच्या वर्षी तुमच्यापैकीच कोणीतरी विचारेल.

आणि देणगी घ्यायची ठरलीच, तर पहिल्या वर्षाच्या खर्चाला तिच्यावर अवलंबून राहू नका. ज्या बायकांना तुम्ही मदतीचा शब्द दिलाय, त्यांचा पैसा दुसऱ्या खात्यात आधीच बाजूला काढलेला असू द्या.